काडतुसाला चारा लागत नाही

माझ्यासारख्या माणसाने काडतुसांवर लेख लिहावा, हे शाकाहारी माणसाने मटण कसं चिरावं यावर बोलण्यासारखं आहे. आजवर मी हातात धरलेलं सर्वांत भयंकर शस्त्र म्हणजे नारळ खवायची विळी, आणि तीही हिच्या देखरेखीखाली. चाळीसेक वर्षं देवनारला राहतो, म्हणजे कत्तलखान्याचा शेजारी आहे. पण त्यामुळे अंगात शौर्य आलेलं नाही. झुरळ मारायचं झालं तर अजूनही शेजारच्या जोशांच्या मुलाला हाक मारतो.

तरीही हा विषय डोक्यात आला, तो टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्यामुळे. 2020 च्या एप्रिलमध्ये, आपण सगळे दारं लावून घरात बसलो होतो तेव्हा, त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, इथे सध्या दोन गोष्टी मिळत नाहीत. एक टॉयलेट पेपर आणि दुसरी काडतुसं."

पहिल्या अडचणीवर मी त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असलेला तोडगा सांगितला. दुसरीवर मात्र गप्प बसलो.

तो सांगत होता, "शेजाऱ्याने गॅरेजमध्ये हजारो गोळ्या रचून ठेवल्यात. अजून मिळाल्या तर हव्या आहेत त्याला."

"रोज किती झाडतो रे?"

"एकही नाही. महाग झाल्यात ना!"

फोन ठेवला आणि मला एकदम आमचे नानाकाका आठवले.

नानाकाका कुडाळजवळच्या आमच्या गावी एकटे राहत. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. चार कुणगे भाताचे, दहा-बारा माड, आणि एक बारा बोअरची दुनळी बंदूक, एवढा त्यांचा संसार. बारा बोअर म्हणजे काय, हे मला काकांनीच समजावलं होतं. नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा. मी ते ऐकून, "म्हणजे बंदुकीचा हिशेबही वाण्यासारखाच!" असं म्हणालो, तर काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

बंदूक शेतीच्या रक्षणाची होती, परवानाही त्याचाच. भात पोटरीला आलं की रानडुकरं येत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर डुकराला मारायचं तर सरकारला विचारावं लागे, आणि सरकारचं उत्तर येईपर्यंत डुक्कर जेवून, ढेकर देऊन, नातवंडांचं तोंड पाहून जाई. म्हणून काका आभाळात बार काढीत. आवाज झाला की डुकरं पळत. म्हणजे काकांचं काडतूस कुणाचा जीव घेत नसे, फक्त भात वाचवी. यापेक्षा सात्त्विक काडतूस माझ्या ऐकण्यात नाही.

पण ते मिळायला हवं ना!

1986 च्या श्रावणात काका काडतुसांसाठी मुंबईला आले. एस.टी.ने रात्रभर हादरत आले, गोवंडी स्टेशनवरून चालत घरी पोचले, आणि चहा घेता घेता बंडीच्या खिशातून परवान्याचं पुस्तक काढून मला दाखवलं. सत्यनारायणाची पोथीसुद्धा त्यांनी इतक्या सोवळ्यात कधी धरली नसेल. काडतूस घ्यायचं तर हे पुस्तक लागतं. वर्षाला किती घेता येतील आणि एका वेळी जवळ किती ठेवता येतील, हे परवान्यात ठरलेलं. घेतली की दुकानदार त्यात आकडा लिहून सही-शिक्का मारणार. थोडक्यात, रेशनकार्डच. फरक इतकाच, की रेशनकार्डावर निदान रॉकेल मिळायचं.

फोर्टातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार सज्जन होता. त्याने आम्हांला बसवलं, पंखा लावला आणि "माल नाही" असं सांगितलं. विलायती काडतुसं पूर्वी यायची, काका त्यांची नावं गंगा-यमुना-गोदावरीच्या चालीवर घेत. पण ती आयात आता आटली होती. उरली खडकीची. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा, म्हणजे वयाने आमच्या खापरपणजोबांच्या बरोबरीचा. पण तिथे पहिला मान सैन्याचा, मग पोलिसांचा, आणि पंगत उठल्यावर काही उरलंच तर नानाकाकांसारख्यांचा.

"कधी येईल?" मी विचारलं.

"येईल," दुकानदार म्हणाला. ज्योतिषी, कंत्राटदार आणि बंदूकविक्रेते यांच्या तोंडी हे क्रियापद एकाच काळात चालतं.

शेवटी कुठल्याशा कोपऱ्यातून त्याने कागदी नळीची दहा काडतुसं काढून दिली. भाव ऐकून माझ्या हातातली छत्री पडली. काकांनी मात्र मुकाट्याने पैसे मोजले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, एवढे पैसे?" तर म्हणाले, "मेल्या, काडतुसां काय झाडाक लागतत?"

दोन दिवसांनी बकरी ईद होती. काकांना करमत नव्हतं, म्हणून त्यांना देवनारचा बाजार दाखवायला नेलं. 1971 साली वांद्र्याचा कत्तलखाना इकडे आला तेव्हापासून ईदच्या आधीचे आठ-दहा दिवस इथे बकऱ्यांची जत्रा भरते. राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून, माळव्यातून ट्रकच्या ट्रक उतरतात. पावसाने चिखल झालेला, त्यात सारखं बें-बें चाललेलं. काका शेतकरी माणूस, ते खुलले. भाव विचारीत हिंडले. सकाळी जो बकरा पाहिला होता, तोच संध्याकाळी पुन्हा गाठला, तर भाव बराच उतरलेला!

काका चक्रावले. "सकाळी एक सांगितलंस, आता एक?"

व्यापारी हसला आणि म्हणाला, "चाचा, उद्या ईद. परवा याला कोण विचारतो? परत न्यायचा तर ट्रकचं भाडं. आणि हा रोज चारा खातो."

अर्थशास्त्राचे प्राध्यापक दोन वर्षांत जे मला शिकवू शकले नाहीत, ते त्या माणसाने चिखलात उभं राहून एका वाक्यात शिकवलं. बकरा चारा खातो म्हणून त्याला कुणी साठवत नाही. काडतूस चारा खात नाही. ते ओरडत नाही, आजारी पडत नाही, कपाटात वर्षानुवर्षं गप पडून राहतं. म्हणून "मिळत नाही" अशी आवई उठली, की ज्याला एक हवं तो दहा घेतो. दहा घेतली की दुकान रिकामं होतं. दुकान रिकामं दिसलं की ज्याला एकही नको होतं तोही रांगेत उभा राहतो. मग कारखान्याने कितीही गाळली तरी पुरत नाहीत.

अमेरिकेत तर हे वारंवार घडतं. 2012 च्या डिसेंबरात तिथल्या एका शाळेत भयानक गोळीबार झाला, आता कायदा कडक होणार अशी बोलवा उठली, आणि 2013 साली पोरं नेमबाजी शिकतात ती पॉइंट बावीसची चिमुकली गोळीही दुकानांतून नाहीशी झाली. 2020 साली साथ आणि निवडणूक एकदम आली, पुन्हा तेच. कारखानदार म्हणे नवी यंत्रं घालायला बिचकतात. उद्या लोकांची भीती ओसरली तर यंत्रांनी काय करायचं? मग आहे त्याच यंत्रांवर ज्या गोळ्यांना जास्त मागणी त्या गाळायच्या, आणि हरणं मारणाऱ्याने बसावं हात चोळत. निवडणूक आली की त्यांच्याकडे लोक गोळ्या विकत घेतात. आपल्याकडे निवडणूक आली की परवानेवाल्यांना बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन ठेवायला सांगतात. लोकशाही दोन्हीकडे आहेच.

शिवाय काडतूस म्हणजे पितळ, शिसं आणि दारू. तांबं चढलं की पितळ चढतं. बिनधुराची दारू होते ती कापसापासून, म्हणजे सरकीला चिकटून राहणाऱ्या बारीक तंतूंपासून. 2022 पासून युक्रेनच्या युद्धात तोफा धडाडू लागल्या आणि युरोपभर या दारूचा तुटवडा पडला. शिसं कडक करायला अँटिमनी लागतं. 2024 साली चीनने त्याच्या निर्यातीवर बंधनं घातली. म्हणजे कुठल्या तरी राजधानीत कुणी सही करतो आणि कुडाळच्या डुकरांचं फावतं.

पण डुकरांची गोष्ट राहिलीच.

1987 च्या आश्विनात मी गावी होतो. भात पिवळं पडायला लागलं होतं. रात्री काकांबरोबर शेतातल्या माळ्यावर झोपायला गेलो. उशाशी बंदूक आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात काडतुसं.

"किती उरलीत, काका?"

"तीनच आसत."

मध्यरात्री खसखस सुरू झाली. काका उठले. काडतूस घातलं. नळी आभाळाकडे केली. मी कानांत बोटं घातली. बराच वेळ काही होईना, म्हणून बोटं काढली, तर काका बंदूक मोडून काडतूस परत काढत होते.

"काय झालं?"

"आज नको. पुढे खराच काय आडलां तर?"

खाली डुकरं मचमच आवाज करीत काकांचं वर्षाचं भात खात होती. आम्ही दोघांनी रॉकेलचा रिकामा डबा काठीने बडवला. डुकरांनी तो बेंजो समजून जेवण चालूच ठेवलं. उजाडल्यावर पाहिलं, एक अख्खा कुणगा भुईसपाट. काका बांधावर बसून राहिले. काडतूस मात्र वाचलं होतं. माळ्यावरून तो बिस्किटांचा डबा मीच खाली आणला. तीन काडतुसांच्या मानाने डबा जड लागतोय, असं मनात आलं. पण बंदुकीच्या बाबतीत माझं ज्ञान विळीइतकंच, म्हणून बोललो नाही.

पुढे दरवर्षी तेच. काकांच्या पत्रात शेवटची ओळ ठरलेली: "दोन-तीनच उरली आहेत, दुकानात विचारून ठेव." मी विचारीत असे. दुकानदार "येईल" म्हणत असे. आम्ही दोघे सरकारला, कारखान्याला आणि दुकानदाराला शिव्या देत असू. दरवर्षी भात थोडं कमी घरी येत असे.

1994 च्या वैशाखात नानाकाका गेले. दिवसकार्य उरकल्यावर मी बंदूक, परवाना आणि तो डबा घेऊन पोलीस ठाण्यात जमा करायला गेलो. हवालदाराने टेबलावर वर्तमानपत्र पसरून डबा उपडा केला. एकेक करून मोजली. एकोणीस.

माझा विश्वास बसेना. मी पुन्हा मोजायला लावली. एकोणीसच. मी मुंबईत घेऊन दिलेली दहाच्या दहा त्यांत होती. एकही झाडलेलं नव्हतं. हवालदार जाणता होता. त्याने एक उचलून बोटांत फिरवलं. कागदी नळी कोकणातल्या पावसाळ्यांनी फुगून मऊ पडली होती. म्हणाला, "साहेब, ही आता नळीतसुद्धा जायची नाहीत." आणि पंचनाम्यात लिहिलं, "एकूण नग एकोणीस, निरुपयोगी."

इतकी वर्षं आम्ही जी टंचाई गावभर शोधत होतो, तिच्यातली एकोणीस काडतुसं आमच्याच घरच्या डब्यात होती. काकांना माहीत नव्हतं असं नाही. पण "तीनच आहेत" म्हटलं की जपून ठेवायला बळ येतं. आणि जपून ठेवायचं ते कशासाठी, हे मग विसरायलाही होतं. मला एकदम तो बांधावर बसलेला म्हातारा दिसला, आणि ठाण्यातून बाहेर पडेपर्यंत मी रुमाल काढायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी देवनारला पोचलो. हिला सगळं सांगितलं. हिचेही डोळे भरून आले. थोडा वेळ आम्ही दोघे गप्प बसलो. मग डोळे पुसत ही म्हणाली, "अहो, साखर आणखी चढणार म्हणतायत. खाली मिळतेय तोवर पाच किलो आणून ठेवता का?"

त्या वर्षी साखर खरोखरच महाग झाली होती. फळीवर साखरेचे दोन डबे गच्च भरलेले मला दिसत होते. साखरही चारा खात नाही.

मी निमूटपणे पिशवी उचलली.