ढाका किती लांब?

प्रवासाची दैनंदिनी : भाग ३

सोमवार, चंद्रपूर

मूल रस्त्यावर बंगाली कॅम्पचा चौक लागतो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांचा कॅम्प कधीच शहरात मुरून गेला, नाव तेवढं राहिलं. रात्री लॉजवर नकाशा पसरून पट्टी लावली. सरळ रेषेत दिल्ली हजार किलोमीटरच्या जरा आत, ढाका सव्वाबाराशे. दिल्लीपेक्षा जेमतेम अडीचशेनं जास्त! पट्टी पुन्हा लावून पाहिली, तेवढंच.

मंगळवार, मुलचेरा तालुका

कोठारी, गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल आणि आष्टी. त्यापुढे लोहखनिजाचे ट्रक इतके की बस निम्मा वेळ कडेला उतरून उभी. बंगाली वस्तीत पोचलो तेव्हा भूक मेली होती, पण मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण आणि भात समोर आला आणि ती परत आली.

घरातले आजोबा खुलना जिल्ह्यातले. मराठी इथल्यासारखीच बोलतात, चिडले की बंगाली. ‘‘बाबू, ढाक्याला विमानानं किती वेळ लागते?’’

मी हिशेब मांडला. नागपूरहून थेट विमान नाही. कोलकात्यापर्यंत सुमारे ९७० किलोमीटर, पावणेदोन तास. तिथून ढाका २४०, तासाभराचं उड्डाण. म्हणजे हवेत पावणेतीन तास. मधे कोलकात्याला ताटकळणं वेगळं, आणि तिकडचं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास.

‘‘आन् इथून नागपूर?’’

‘‘बसनं सहा-सात तास.’’

आजोबा इतके हसले की सुनेनं आतून डोकावून पाहिलं.

त्यांचा स्वतःचा हिशेब निराळा. १९६४ साली निघाले ते नावेनं, पायी, मग रेल्वेनं. रायपूरजवळच्या माना कॅम्पात मुक्काम लांबला. इथं जमीन हाती येईपर्यंत चार वर्षं गेली. तेव्हा हा चंद्रपूर जिल्हा होता. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला. देश सोडायला चालावं लागलं, जिल्हा मात्र बसल्या जागी बदलला.

चिडण्याचा विषय एकच. हे नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये राहिलेला चुलतभाऊ अनुसूचित जातीत मोडतो, महाराष्ट्रात आलेले हे मोडत नाहीत. नातवाच्या दाखल्याची गोष्ट निघाली आणि पुढचं सगळं बंगालीत झालं. मला शब्द कळले नाहीत, मुद्दा कळला. एकाच सरकारनं उठवून इकडे-तिकडे वसवलेल्या माणसांची जात राज्याच्या हद्दीवर बदलावी, हे मलाही पटत नाही.

बुधवार

आता वडसा गाठायचं. जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन तेवढं तिथंच. आजोबा काठी टेकत थांब्यापर्यंत आले. बस दिसल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘विमान खुलन्यात उतरते काय?’’

नाही उतरत. जवळचा विमानतळ जेसोरचा. तिथून पुन्हा बस.