चिचपल्लीमार्गे

राइस मिलच्या हिशेबवहीची मागची पानं कोरी राहतात. तिथं मी सिनेमे लिहितो. पुढून धान किती आलं, किती क्विंटल भरडलं, कोणाकडे किती बाकी. मागून तारीख, सिनेमा, सोबत कोण, आणि घरी किती वाजता पोचलो. चार रकाने. मालकांनी एकदा वही उलटी धरली आणि विचारलं, "सिनेमा कसा होता ते कुठं लिहिलं?" म्हटलं, चौथ्या रकान्यात येते ते. त्यांना पटलं नाही.

आज २०२५ ची पानं काढून बसलोय.

*

मूलहून चंद्रपूर ४५ किलोमीटरच्या आसपास. वाटेत चिचपल्ली, मग लोहारा, आणि बराच रस्ता जंगलातून. जाताना डोक्यात सिनेमा असतो, येताना वाघ. त्यामुळे आमच्याकडे सिनेमा निवडताना नट कोण, दिग्दर्शक कोण हे नंतर. आधी बघायचं, खेळ सुटतो किती वाजता. फटफटीवर परतणारा माणूस शेवटची वीस मिनिटं पडद्याकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघतो. कित्येक सिनेमांचे शेवट मला घाईघाईत गुंडाळल्यासारखे वाटले आहेत. घाई त्यांची होती की माझी, आता सांगता येणार नाही.

*

सिनेमांची प्रतवारी धंद्यातलीच ठेवली आहे: एचएमटी आणि जय श्रीराम ही तांदळाची वाणं, मग कणी, कोंडा. बाजारात जय श्रीरामला भाव जास्त मिळतो, पण माझ्या वहीत वर एचएमटी. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी स्वतःच्या बांधीतल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या आणि हे वाण उभं केलं. नाव पडलं तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून. तर पडद्यावर जे दिसतंय ते करणाऱ्यानं स्वतःच्या बांधीतून निवडून आणलंय असं वाटलं, की एचएमटी. निव्वळ पॉलिश चांगलं असेल तर जय श्रीराम. त्यातही मजा असते, नाही असं नाही.

*

फेब्रुवारी. 'छावा'. सोबत भाचा आणि त्याचे तीन मित्र. थिएटरात घोषणा, शिट्ट्या, शेवटी रडणं. विकी कौशलनं घाम गाळलाय, पण माझ्या लक्षात राहिला तो टोपी विणत बसलेला अक्षय खन्नाचा औरंगजेब. अख्खा सिनेमा ओरडत असताना एकटा हळू बोलणारा माणूस. बाकी आवाज इतका, की चिचपल्लीपर्यंत कानात ढोल वाजत होते. जंगलात काही हललं असतं तरी ऐकू आलं नसतं. जय श्रीराम.

*

मार्च. 'स्थळ'. हा ७ मार्चला लागला. आधी २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात जाऊन नेटपॅक पुरस्कार घेऊन आलेला, म्हणजे डोंगरगावची पोरगी टोरांटोला आधी पोचली आणि चंद्रपूरला मग. दिग्दर्शक जयंत सोमलकर आपल्या जिल्ह्यातले. सिनेमा त्यांनी स्वतःच्या गावात, डोंगरगावातच केला, आणि पडद्यावरची माणसंही तिकडचीच, त्याआधी कॅमेऱ्यासमोर न आलेली.

गोष्ट म्हटली तर एका ओळीची. सविता शिकते आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे, आणि तिला बघायला पाहुणे येतात. पुन्हा येतात. पुन्हा येतात. तीच खोली, तसेच रांगेत बसलेले पुरुष, तेच प्रश्न. नाव काय, शिक्षण काय, उंची किती. सिनेमा सुरू होतो तेव्हा मात्र बसलेल्या असतात बाया आणि समोर उत्तरं देत असतो पोरगा. लोक हसले. दुसऱ्या वेळी तोच प्रसंग सवितावर आला तेव्हाही थोडे हसले. चौथ्या वेळेपर्यंत थिएटर गप्प झालं होतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवून माणसाचं हसू काढून घ्यायचं, हे सोपं काम नाही. घाबरट दिग्दर्शकानं दुसऱ्या खेपेलाच गाणं टाकलं असतं.

एक हरकत माझी नोंदवून ठेवतो. लोक म्हणतात हा 'आपल्या भागातला' सिनेमा. आहे, आणि नाहीही. तो कापसाचा मुलूख. सविताच्या बापाचा सगळा जीव कापसाच्या भावात अडकलेला. आम्ही धानवाले. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी इकडची बोली वेगळी, हेल वेगळा, कर्जाचा महिनाही वेगळा. पण पुण्या-मुंबईच्या नटानं 'कायले' आणि 'मले' घालून केलेलं विदर्भाचं सोंग बघून बघून कान इतके विटले होते, की तिकडची का होईना, खरी जीभ ऐकून बरं वाटलं.

येताना बायको मागं बसलेली. लोहारा गेलं, चिचपल्ली गेलं, चकार शब्द नाही. मला वाटलं भ्याली असेल. मूलचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाली, "मले अकरा जणांनी पाहिलं होतं. तुमी बारावे."

मी काही बोललो नाही.

"तुमी काय विचारलं होतं, आठवते?"

"नाही."

"उंची."

चौथा रकाना: नऊ वाजून वीस मिनिटं. एचएमटी.

*

एप्रिल कोरा. उन्हाळी धान.

*

मे महिन्यातही नोंद नाही, पण कारण निराळं. तेंदूपत्त्याचा हंगाम. १० मे रोजी सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यानंतरही बातम्या येत राहिल्या. दिवस मावळला की लोक दारं लावून घ्यायचे. भाचा म्हणत होता 'गुलकंद' बघू, 'एप्रिल मे ९९' बघू. त्याच्या आईनं गाडीची किल्ली लपवून ठेवली.

सिनेमातला वाघ येण्याआधी ढोल वाजतात, मग तो डरकाळी फोडतो. इथं ज्यांनी वाघ पाहिला त्यांना विचारा, सगळे एकच सांगतात: आवाज नव्हता. 'शेरनी' मला त्यासाठीच आवडला होता. अमित मसुरकरनं वाघिणीपेक्षा खात्याच्या बैठका जास्त दाखवल्या, आणि भीती तिथंच होती.

*

जुलै. 'सैयारा'. भाची दोनदा जाऊन आली, दोनदा रडून आली. मी एकदा गेलो. कणी. हे तिला सांगितलेलं नाही.

*

सप्टेंबरात 'दशावतार'. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर अंगावर रंग चढवून उभे राहतात तेव्हा आपण खुर्चीत नीट बसतो. उत्तरार्धात गोष्ट सरधोपट झाली, सूडाला लागली, पण पहिल्या भागातला बाबुली, नजर चाललेली असताना रंगमंचावरून उतरायला तयार नसलेला, तो मी विसरणार नाही. जंगल आणि खाणीचा भाग बघताना आमची रांग जरा जास्तच शांत होती. चंद्रपूरचा माणूस कोळशाच्या धुळीत वाढतो. आता पलीकडे सुरजागडहून लोखंडाचे ट्रक निघतात. देवराई वाचवायला कोकणात अवतार येतो. आमच्याकडे कोण येणार, असं मागचा एक जण मोठ्यानं म्हणाला, आणि त्याला कोणी गप्प बस म्हटलं नाही.

थोडा मत्सरही वाटला. कोकणानं आपल्या रात्रीच्या नाटकावर सिनेमा काढला आणि तो चालला. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकावर असा सिनेमा मी अजून बघितलेला नाही.

*

'साबर बोंडं' नागपूरला बघितला, मिलच्या कामानं गेलो तेव्हा, दुपारी. रोहन कानवडेचा हा सिनेमा जानेवारीत सनडान्सला ज्यूरीचा सर्वोच्च पुरस्कार मिळवून आलेला. थिएटरात आम्ही नऊ जण. बाप गेलेला, मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्न कधी म्हणून विचारत राहतात, आणि त्याचा जीव असतो लहानपणीच्या मित्रात. कोणी ओरडत नाही, कोणी भाषण देत नाही. आईला सगळं ठाऊक आहे आणि ती मुलाच्या बाजूनं आहे, एवढंच किती हळू आवाजात सांगितलंय.

मला एकसारखी सविता आठवत होती. तिला पाटावर बसवून विचारतात, याला सुतकात बसवून. प्रश्न तोच. हे दोन सिनेमे मी वहीत एका ओळीत लिहिले आहेत, मध्ये फक्त स्वल्पविराम. दोन्ही एचएमटी.

*

दिवाळीनंतर मंडई सुरू, मग शंकरपट, आणि नाटकं. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगाव फिरायला लागल्या की चंद्रपूरच्या पडद्यांचं आमच्याकडे काही चालत नाही. खाली बसायचं तिकीट वेगळं, खुर्चीचं वेगळं. लावणी, रडारड, विनोदी पात्र, पुन्हा रडारड. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना कळलं की इकडे असं काही आहे. आम्हाला ते कळायला पद्मश्री लागली नव्हती.

यंदा एका नाटकाला बसलो असताना, रात्री तीनच्या सुमाराला, एक गोष्ट ध्यानात आली. नाटक दहाला सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. म्हणजे बघणारा घरी जातो तो उजेडात. सिनेमा माणसाला नेमका भलत्या वेळी रस्त्यावर सोडतो. ज्यांनी नाटक रात्रभराचं ठेवलं त्यांनी वाघाचा हिशेब केला होता का, मला माहीत नाही. शामियान्यात शेकोटीला बसलेल्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, "सकाळी घरी गेलं का बायको च्या देते. रात्री गेलं का शिव्या." हेही कारण असू शकतं.

*

'होमबाउंड' थिएटरात हुकला, नोव्हेंबरात फोनवर बघितला. नीरज घायवानचा. लॉकडाऊनमध्ये गावाकडे निघालेले दोन मित्र. आमच्या मिलमधल्या हमालाची बायको २०२० मध्ये मिरची तोडायला तेलंगणात गेली होती. इकडून दरवर्षी ट्रक भरून माणसं जातात. गाड्या बंद झाल्या तशी ती बाकीच्यांबरोबर चालत निघाली. हमालाला म्हटलं, हा बघ सिनेमा, घे माझा फोन. त्यानं पाच मिनिटं बघितला आणि परत दिला. "उन्ह कमी दाखवलं," म्हणाला.

दर्जा लिहिला नाही. तो लिहायचा अधिकार त्याचा.

*

डिसेंबर. 'धुरंधर' २१४ मिनिटांचा. घड्याळवाल्यांनी सकाळच्या खेळाला जावं.

*

२० ऑक्टोबरला असरानी गेले, २४ नोव्हेंबरला धर्मेंद्र. आणि १२ डिसेंबरला 'शोले' पुन्हा लागला, स्वच्छ करून, मूळ शेवटासह. आणीबाणीत सेन्सॉरनं बदलायला लावलेला तो शेवट: ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या जोड्यांनी मारतो, पोलीस येऊन अडवत नाहीत.

मोठ्या बाबांना घेऊन गेलो. वय ७८. भाच्यानं गाडी भाड्यानं केली, कारण फटफटीवर त्यांना नेणार कोण. असरानीचा जेलर आला तेव्हा ते हसले नाहीत, नुसते "गेला बिचारा" म्हणाले. टाकीवर धर्मेंद्र चढला तेव्हा मात्र पडद्याच्या आधी त्यांचे ओठ हलत होते, शब्दाला शब्द. शेवट आला. ठाकूरनं गब्बरला मारलं आणि मग रडायला लागला. दिवे लागले तरी मोठे बाबा उठेनात.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "म्हंजे पन्नास वर्सं आपल्याले खोटंच सांगून रायले होते."

भाचा म्हणाला, "आता कळलं ना खरं?"

"कळलं. पन ते रडन्याचं आधी दाखवाले पायजे होतं."

चिचपल्लीच्या पुढं ड्रायव्हरनं गाडी हळू केली. उजेडात दोन चितळं, मग तिसरं. ती ओलांडून जाईपर्यंत थांबलो. मोठे बाबा झोपले होते. घरी पोचलो तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं.