बंगालच्या उपसागरावरची साय

हैदराबादपासून समुद्र अडीचशे किलोमीटरांहून लांब. तरी हिंदी महासागरात त्सुनामी उठली, तर भारताला तिचा इशारा आपल्या प्रगतीनगरातल्या ‘इन्कॉइस’मधून जातो. २००७ पासून तिथे हे काम अहोरात्र चालतं. आपल्यापैकी कितीजण त्या फाटकासमोरून रोज जात असतील!

माझी भाची समुद्रविज्ञान शिकते. संशोधन जहाजावर महिनाभर राहून आली, तेव्हा मी विचारलं, “एवढे उपग्रह असताना जहाज कशाला?” तिने थर्माकोलचा एक पेला हातावर ठेवला. चहाचा नेहमीचा पेला, पण आक्रसून मुठीत मावेल एवढा झालेला. तो तीन हजार मीटर खाली जाऊन आला होता. तिथे पाण्याचा दाब हवेच्या तीनशे पट. उपग्रहाला वरचं पाणी दिसतं, खालचं नाही.

म्हणून जहाज एका जागी थांबवून तारेने यंत्र सोडतात, सेकंदाला साधारण एक मीटर. खाली जायलाच पाऊण तासाच्या वर. परतीच्या वाटेवर ठरलेल्या खोलीला एकेक बाटली बंद करून पाणी घेतात. रात्रीचे दोन वाजले तर वाजले! (ताईची काळजी वेगळीच: “पोरगी जेवते कधी?”) समुद्रात स्वयंचलित ‘आर्गो’ फ्लोटही आहेत, जगभरात सुमारे चार हजार. ते दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरवरून मोजमाप करत वर येतात. पण त्यांचे क्षार मोजणारे सेन्सर कालांतराने चुकू लागतात. मग बाटलीतल्या पाण्याशी ताळा घ्यावा लागतो.

क्षार एवढे महत्त्वाचे का? गंगा, ब्रह्मपुत्रा आणि आपली गोदावरी पावसाळ्यात इतकं गोडं पाणी उपसागरात ओततात, की ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखं पसरतं. हलकं असल्याने सहज मिसळत नाही, खालचं थंड पाणी वर येऊ देत नाही. वरचं पाणी उबदारच राहतं आणि चक्रीवादळाला बळ पुरवतं. त्र्यंबकेश्वरला निघालेलं, नांदेड-बासरवरून गेलेलं पाणी तिथे असं वागतं, हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

१९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१९ च्या ‘फनी’आधी तिथे दहा लाखांहून अधिक लोकांना हलवलं, बळी शंभराच्या आत राहिले. अंदाज हवामान खात्याचा, पण त्या गणितात समुद्राची मोजमापंही असतात.

भाचीची पुढची फेरी पावसाळा संपल्यावर आहे. साय तेव्हाच ठळक असते.