दिल्लीच्या दोन वाटा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की मुंबईतल्या घराघरांत दिल्लीचे बेत शिजू लागतात. कुतुबमिनार, लाल किल्ला, जमलेच तर आग्रा! दिवस ठरतात, माणसे मोजली जातात आणि घरातले कुणीतरी तिकिटे काढून आणते. समजा, त्याच रात्री जेवताना आजी हळूच विचारते, ‘‘वाटेत ग्वाल्हेरला उतरता येईल ना रे? अक्काला भेटून चार वर्षं झाली. आता तिचंही वय झालं.’’ तिकिटे काढणारा बेफिकिरीने म्हणतो, ‘‘गाडी दिल्लीलाच जाते. म्हणजे ग्वाल्हेर वाटेतच!’’ पण तिकीट दिव्याखाली धरून पाहिले की खरा प्रकार कळतो. गाडी बडोदा, रतलाम, कोटा या बाजूने जाणारी. ग्वाल्हेर त्या वाटेवर नाहीच.

रेल्वेचे तिकीट दोन गावांमधले असते हा समज अर्धाच खरा आहे. ते एका ठरावीक वाटेचे असते. खिडकीवर मिळणाऱ्या तिकिटावर ‘वाया’ या शब्दापुढे स्थानकांची संक्षिप्त नावे छापलेली असतात. बीपीएल म्हणजे भोपाळ, एमटीजे म्हणजे मथुरा. वडोदऱ्याच्या बीआरसी या अक्षरांत तर जुने ‘बरोडा’ अजून डोकावते. या एका ओळीकडे बहुतेक प्रवासी ढुंकूनही पाहत नाहीत आणि कोणती गावे भेटणार, कोणती हुकणार हे तर तिथेच ठरलेले असते.

मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या दोन प्रमुख वाटा आहेत. मुंबई सेंट्रलहून सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा या मार्गाने नवी दिल्ली १३८४ किलोमीटर पडते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कसारा घाट चढून भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा असे गेले तर सुमारे दीडशे किलोमीटर जास्त. १९१२ मध्ये सुरू झालेली पंजाब मेल या दुसऱ्या वाटेने जाते. १९२८ ची फ्रंटियर मेल, म्हणजे १९९६ पासूनची गोल्डन टेम्पल मेल, पहिल्या वाटेने. दोन्ही वाटा एकत्र येतात त्या थेट मथुरेला.

गंमत अशी की, नद्या मात्र दोन्ही वाटांवर त्याच भेटतात आणि त्याही त्याच क्रमाने. तापी, नर्मदा आणि चंबळ! एका वाटेवर तापी भुसावळजवळ, दुसरीवर सुरतेला. नर्मदा एकीकडे इटारसीच्या पुढे, तर दुसरीकडे भडोचला, समुद्राच्या जवळ येऊन चांगली रुंदावलेली. चंबळ एकदा धोलपूरजवळच्या घळींतून, एकदा कोट्याकडे.

मराठी माणसाला तर दोन्ही वाटा आपल्याच वाटाव्यात. एकीवर राणी लक्ष्मीबाईंची झाशी आणि शिंद्यांचे ग्वाल्हेर. तिथे राणींची समाधी आहे आणि जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी. मुले ती पाहून हरखतात. दुसऱ्या वाटेवर गायकवाडांचे बडोदे आणि सयाजीराव महाराजांनी बांधलेला लक्ष्मी विलास राजवाडा. दोन्हीकडे जुनी मराठी घरे आहेत, कुणाची मावशी आहे, कुणाची आत्या.

मग आजीची इच्छा कशी पुरी व्हायची? त्यासाठी रेल्वेचा ‘ब्रेक जर्नी’चा नियम ठाऊक हवा. तिकीट ५०० किलोमीटरहून अधिक अंतराचे असेल तर वाटेत उतरून, मुक्काम करून त्याच तिकिटावर पुढे जाता येते. मात्र पहिला मुक्काम ५०० किलोमीटर प्रवास झाल्यावरच! एक हजार किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर असा एक मुक्काम, त्यापुढे दोन. उतरण्याचा व निघण्याचा दिवस सोडून जास्तीत जास्त दोन दिवस राहता येते. सोमवारी उतरलात तर गुरुवारी निघायचे. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना ही सवलत नाही.

आता हिशेब पाहा. मुंबईहून वडोदरा ३९२ किलोमीटर. म्हणजे दिल्लीला जाताना आत्याकडे उतरता येणार नाही. पण दिल्लीहून परतताना तेच वडोदरा ९९२ किलोमीटरवर येते आणि खुशाल उतरता येते! कोट्याचे नेमके उलटे. मुंबईहून ते ९१९ किलोमीटर, म्हणून जाताना चालते. परतताना दिल्लीपासून ४६५ च भरते, म्हणून चालत नाही. तेव्हा जाताना भोपाळ-ग्वाल्हेरच्या वाटेचे तिकीट काढावे, आजीला अक्काच्या घरी दोन दिवस राहू द्यावे आणि येताना बडोद्याची वाट धरावी. एकाच सहलीत मावशीही भेटते आणि आत्याही.

हे सारे आरक्षणाच्या खिडकीवर तिकीट काढतानाच सांगायला हवे, कारण पुढच्या टप्प्याच्या गाडीचे आरक्षणही तेव्हाच करून घ्यायचे असते. आरक्षित तिकीट त्या-त्या गाडीपुरतेच असते. मुक्कामाच्या गावी उतरल्यावर स्टेशन मास्तरांकडून किंवा तिकीट तपासनिसाकडून तिकिटावर शेरा घ्यायला विसरू नये. प्रत्येक टप्प्याचे तिकीट वेगळे काढणे सोपे वाटते, पण अंतर वाढेल तसा भाड्याचा दर उतरत जातो, त्यामुळे तुकड्यातुकड्यांचा प्रवास महागात पडतो.

याहून जास्त गावे पाहायची असतील तर ‘सर्क्युलर जर्नी’चे तिकीट आहे. जिथून निघायचे तिथेच परत यायचे आणि वाटेत जास्तीत जास्त आठ मुक्काम करायचे. त्यासाठी आधी आपला मार्ग लिहून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे द्यावा लागतो. थोडी खटपट पडते, पण एका तिकिटात जाताना एक मुलूख आणि येताना दुसरा पाहून होतो.

म्हणून खिडकीपुढे उभे राहण्याआधी घरात एकदा नकाशा पसरावा. मुलांना बोटाने दोन्ही वाटा गिरवू द्याव्यात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, वाटेत कुणाला भेटायचे राहून गेले आहे का? दिल्ली काय, पुढच्या सुटीतही तिथेच असेल. अक्काचे मात्र तसे सांगता येत नाही.