कायमचा पत्ता

धायरीतलं माझं वन आरके मी एका डायलिसिस टेक्निशियनला भाड्याने द्यायचं ठरवलं. मुलगा पंचविशीतला, नोकरी पक्की, आडनाव चारचौघांसारखं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवला, पोलिसांकडे ऑनलाइन माहिती भरली आणि तिची प्रत सोसायटीत दिली. सेक्रेटरींचा लगेच फोन आला. "मॅडम, कायमचा पत्ता वाचलात का?"

आधारवरच्या पत्त्यात 'पारधी वस्ती' होतं.

"पोलिसांचं ना हरकत पत्र आणा, मग चावी द्या," ते म्हणाले.

मी चौकीत गेले. हवालदार म्हणाले, "ताई, असं पत्र आम्ही देत नाही. तुम्ही माहिती कळवलीत, झालं." पोलीस आयुक्तांचा आदेश असतो तो मालकासाठी. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. भाडेकरूची माहिती लपवली तर गुन्हा मालकावर दाखल होतो. कुणाला इमारतीत घ्यायचं, कुणाला नाही, हे ठरवायचा अधिकार त्यातून सोसायटीला मिळत नाही.

मुलाला हे सांगितलं तेव्हा तो जरा थांबून म्हणाला, "मॅडम, बारावीत असताना मला एकदा उचलून नेलं होतं. गावात चोरी झाली की पहिली गाडी आमच्या वस्तीवर येते. केस झाली नाही, सोडून दिलं. ते फॉर्ममध्ये लिहायला पाहिजे होतं का?"

मला फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. गुन्हा नाही, आरोपपत्र नाही, तरी खुलासा त्यानेच करायचा! पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा, इंग्रजांनी १८७१ साली केलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याच कायद्याखाली या मुलाचे पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड रोज हजेरी देत. पणतू रात्रपाळीत लोकांचं रक्त शुद्ध करणारं मशीन सांभाळतो, आणि हजेरी त्याच्याकडेही मागितली जाते.

मी सोसायटीला लेखी विचारलं: कोणत्या नियमाखाली हरकत आहे, ठराव दाखवा. ठराव नव्हता. मुलगा राहायला आला.

यंदा करार वाढवला तेव्हा सोसायटीने पुन्हा पडताळणीची प्रत मागितली. मी ती दिली आणि इमारतीतल्या बाकीच्या भाडेकरूंच्या प्रती घेतल्यात का, असं विचारलं. बहुतेकांच्या नव्हत्या. आता सगळ्यांना एकच नियम लावावा, असा अर्ज मी दिला आहे. तो वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सेक्रेटरी तयार नाहीत, म्हणून इतर सभासदांच्या सह्या गोळा करते आहे.