रॉजर वॉटर्सची मैफल, आप्पांची गिरणी आणि आपले कान

गेल्या महिन्यात पंचविशीतला एक तरुण दवाखान्यात आला. आदल्या रात्री मित्राच्या वरातीत डीजेच्या गाडीपुढे तीन तास नाचला होता. "डॉक्टर, सकाळपासून दोन्ही कानांत शिट्टी वाजतेय. आणि कान दडे बसल्यासारखे झालेत. मळ असेल तर काढून द्या."

कान तपासले. मळ नव्हता, पडदाही व्यवस्थित होता. मी त्याला म्हणालो, "हे मलाही एकदा झालं होतं. फरक एवढाच, की माझी वरात नव्हती. रॉजर वॉटर्सची मैफल होती." त्याने हे नाव ऐकलेले नव्हते. त्याला थोडक्यात जे सांगितले, तेच आज जरा सविस्तर लिहितो.

मी सटाण्याचा. घरात भजनांच्या आणि हिंदी सिनेमांच्या कॅसेट होत्या. देवमामलेदारांच्या यात्रेत कर्ण्यावर वाजेल तेवढेच बाहेरचे संगीत. मुंबईला मेडिकलला गेलो आणि होस्टेलवर एका सीनियरने 'डार्क साइड ऑफ द मून' ही पिंक फ्लॉइडची कॅसेट हातात ठेवली. १९७३ साली आलेली. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय हे मला माहीत नव्हते. एवढेच कळले, की यात तीन मिनिटांचे गाणे उरकून पुढे जायची घाई नाही. एक गाणे दुसऱ्यात मिसळते, ताल मध्येच बदलतो, आणि आपल्याकडे राग आधी आलापीने उलगडतो तसे काहीतरी सावकाश उलगडत जाते. सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी होते. पहिल्या वर्षाच्या मेडिकलच्या मुलाला आणखी काय हवे! पुढे कळले, की ते ठोके खऱ्या हृदयाचे नाहीत, बास ड्रमवर वाजवलेले आहेत. तोवर उशीर झाला होता. मी त्या बँडचा झालो होतो.

त्या बँडचा बास गिटार वाजवणारा आणि बहुतेक गाण्यांचे शब्द लिहिणारा माणूस म्हणजे रॉजर वॉटर्स. १८ फेब्रुवारी २००७ ला, रविवारी, तो मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर आला. ती अख्खी कॅसेट तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणार होता. मी तेव्हा इंटर्न होतो. ड्यूटी बदलून घेतली, तिकिटासाठी उसनवारी केली आणि मित्राला घेऊन दुपारपासूनच मैदानावर जाऊन बसलो. जागा मिळवली ती थेट स्पीकरच्या भिंतीजवळ. तेव्हा वाटले, केवढे नशीब!

त्या संध्याकाळचे वर्णन मला नीट जमणार नाही. त्रेसष्ट वर्षांचा तो उंच, पांढऱ्या केसांचा माणूस समोर उभा होता आणि जी गाणी मी होस्टेलच्या खोलीत कान देऊन ऐकली होती, ती छातीच्या पिंजऱ्यात वाजत होती. 'टाइम' या गाण्याच्या सुरुवातीला एकाच वेळी अनेक घड्याळांचे गजर होतात. (ध्वनिमुद्रण करणाऱ्या अ‍ॅलन पार्सन्स यांनी ती घड्याळे एका जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टिपली होती.) त्या गजराने मी अक्षरशः दचकलो. शेवटी 'कम्फर्टेबली नम्ब' झाले. या गाण्यामागची गोष्ट आम्हा डॉक्टरांना खास आवडते. १९७७ साली फिलाडेल्फियात कार्यक्रमाआधी वॉटर्सच्या पोटात फार दुखत होते. डॉक्टरने इंजेक्शन दिले आणि तो हात बधिर झालेल्या अवस्थेत पूर्ण कार्यक्रम वाजवत राहिला. त्या अनुभवातून हे गाणे निघाले. माझे कानही त्या क्षणी बधिर होत होते, पण ते माझ्या लक्षात आले नाही.

लक्षात आले ते मैदानाबाहेर पडल्यावर. सगळे जग कापसात गुंडाळल्यासारखे झाले होते. रिक्षांचे हॉर्न दुरून येत होते आणि कानात बारीक शीळ चालू होती. रात्री खोलीवर आलो. माझ्या टेबलावर एक गजराचे घड्याळ होते, त्याच्या टिकटिकीने एरवी झोप लागत नसे. त्या रात्री ते कानाशी धरले तरी टिकटिक आली नाही. मला वाटले, बंद पडले. पाहिले तर काटा फिरत होता.

सकाळी मित्र चहा पिताना काहीतरी सांगत होता. मी तीनदा "काय?" म्हणालो. चौथ्यांदा तो वैतागला, "जाऊ दे, काही नाही."

हे वाक्य ओळखीचे होते. मी ते वर्षानुवर्षे माझ्या वडिलांना ऐकवत आलो होतो.

आमची सटाण्यात पिठाची गिरणी होती. आप्पा सकाळी सातला पट्टा चढवत, ते रात्री आठला उतरवत. तीस वर्षे. त्यांना कमी ऐकू येते हे घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि त्यावर विनोदही होत. गिऱ्हाईक सात किलो म्हणाले तर ते आठ लिहीत. काही विचारले, की "काय म्हनस?" असे अहिराणीत दोनदा विचारत, आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आधीच आम्ही "जाऊ द्या, काही नाही" म्हणून मोकळे. मी होस्टेलवरून फोन करी तेव्हा आईशीच बोले. आप्पांशी ओरडून बोलावे लागते, मागे रांग उभी असते, कोण तेवढे करणार! हळूहळू आप्पांनी फोनजवळ येणेच सोडले. ते अबोल झालेत असे आम्ही म्हणत असू. मी डॉक्टर होत होतो, कानाचा धडा मला पाठ होता, आणि तरी हे दोन आणि दोन मी कधी जोडले नव्हते.

माझे कान तिसऱ्या दिवशी मोकळे झाले. टिकटिक परत आली. आप्पांची परत येणार नव्हती.

मोठ्या आवाजाने कानात नेमके काय होते?

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्यात साधारण पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाची लाट आली, की वाऱ्याने गव्हाचे पीक हलावे तसे त्यांचे केस हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. लाट फार जोराची असेल तर पीक आडवे होते. थोडे आडवे झालेले दोन-तीन दिवसांत उभे राहते. माझे झाले तसे. पण मुळासकट उपटलेले पुन्हा येत नाही. माणसात या पेशी नव्याने तयार होत नाहीत.

"पण कान मोकळे झाले म्हणजे सगळे ठीक ना?" असे बरेच जण विचारतात. दुर्दैवाने तसे नक्की म्हणता येत नाही. २००९ साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले, की ऐकण्याची क्षमता तपासणीत पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि नस यांच्यातले बरेचसे जोड कायमचे तुटलेले असतात. म्हणजे कान दरवेळी 'बरा' होताना थोडी किंमत मोजत असू शकतो.

सर्वांत आधी मार बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे बारीक, उंच आवाजांना. स, श, फ, त, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच भागात असते. स्वर जाड आवाजाचे असतात, ते ऐकू येतात. म्हणून असे रुग्ण म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." सातचे आठ होतात ते यामुळे. यात लक्ष नसण्याचा किंवा हट्टीपणाचा काही संबंध नसतो.

किती आवाज चालतो?

साधा हिशेब असा: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास. त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, आणि १०० ला फक्त १५ मिनिटे. पुढे मी आमच्या गिरणीत मोबाईलच्या अ‍ॅपवर आवाज मोजला, तो ९२ च्या आसपास आला. असा आकडा अंदाजाचाच असतो, पण त्या हिशेबाने आप्पांनी रोज दीड तास काम करायला हवे होते. ते तेरा तास करत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मैफली आणि तत्सम ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्याने हे आकडे आठवावेत.

आप्पांचे पुढे काय झाले?

त्या उन्हाळ्यात त्यांना नाशिकला नेऊन ऑडिओमेट्री केली. दोन्ही कानांच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा होता, पुस्तकात काढतात तसा. कानाचे मशीन घेतले. दोन महिन्यांनी ते कपाटात गेले. "गिरणीत सगळंच ओरडतं," असे ते म्हणत, आणि ते खरे होते. मशीनची सवय व्हायला आठवडे लागतात, ते पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागते, हे त्यांना कोणी समजावले नव्हते. मीही नाही. गिरणी बंद केल्यावर, माझी मुलगी बोलू लागली तेव्हा, त्यांनी ते स्वतःहून काढून आणायला सांगितले. आता रोज घालतात. तरीही काही शब्द निसटतात, मग आम्ही पुन्हा सांगतो.

पुढे कधीतरी वाचनात आले, की रॉजर वॉटर्सचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. तारीख होती १८ फेब्रुवारी १९४४. वडिलांचा आवाज त्याला आठवण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्याने आयुष्यभर त्यावर गाणी लिहिली. माझे वडील शेजारच्या खोलीत होते आणि मी त्यांच्याशी बोलणे सोडले होते. त्या मैफलीतून मी हे घेऊन आलो, ते मात्र उशिरा कळले.

तुमच्यासाठी काही सूचना

- मैफल, वरात, मिरवणूक जरूर अनुभवा. मात्र स्पीकरपासून लांब उभे राहा आणि मधून मधून शांत जागी जाऊन या.
- औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. ते नीट बसवले तर आवाज बराच कमी होतो. कापसाच्या बोळ्याने फारसा फरक पडत नाही.
- गिरणी, वर्कशॉप, ट्रॅक्टर, थ्रेशर यांवर काम करणाऱ्यांनी रोज कानांचे संरक्षण वापरावे आणि वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी.
- लहान बाळांना डीजेजवळ नेऊ नका. त्यांना सांगता येत नाही.
- कानात शीळ वाजली किंवा दडे बसले तर लसणाचे तेल वगैरे घालू नका. कानांना दोन दिवस शांतता द्या. त्यानंतरही त्रास राहिला तर तपासून घ्या.
- एका कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले तर वाट पाहू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगाची शक्यता जास्त असते.

वरातीतल्या त्या तरुणाची शिट्टी चौथ्या दिवशी थांबली. "पुढच्या महिन्यात चुलतभावाचं लग्न आहे, नाचू ना?" त्याने विचारले. मी म्हणालो, "नाच, पण गाडीच्या मागे. आणि इअरप्लग घाल." तो हसला. घालेल की नाही, माहीत नाही.

तुमच्या घरात कोणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, बोलणे अर्धवट सोडून उठून जात असेल, फोन दुसऱ्याच्या हातात देत असेल, तर त्यांच्या स्वभावाला नाव ठेवण्याआधी एकदा त्यांचे कान तपासून घ्या. आणि तोवर "जाऊ द्या, काही नाही" म्हणू नका. समोर बसून, सावकाश, पुन्हा सांगा.