लाकडाची वाघीण

दौंड-मनमाड मार्गावरच्या मालगाडीची 1:87 प्रमाणातली प्रतिकृती करताना मुलाने आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून सपाट वाघिणीवर फळ्या रचल्या. 20 फुटांची फळी 70 मिलिमीटरची. माप अचूक, तरीही भार खोटा वाटे. नगरला लाकडाच्या वखारीत हयात घालवलेल्या माझ्या वडिलांनी एवढेच विचारले, “थरांमध्ये आडव्या पट्ट्या कुठे आहेत? दोर घालायचा कुठून?”

मुलाने पट्ट्या घातल्या, फळ्यांची टोके किंचित मागेपुढे केली. भाराला वजन आले.

मी वर्गात वास्तववाद शिकवत आलो तो तपशिलांच्या विपुलतेचा. हमालाच्या बोटांसाठी सोडलेली ती फट माझ्या टिपणांत कधीच नव्हती. वडील आता नाहीत. कथा वाचताना मात्र मी हल्ली आधी दोराची जागा शोधतो.